पोलर पाणी

हेलन त्रिभुवन यांनी राहात्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात एकोणतीस वर्षं केमिस्ट्री शिकवली आणि त्या एकोणतीस वर्षांत आपल्यापेक्षा हुशार माणूस आपल्याला भेटला नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. हे मत त्या कुणाला बोलून दाखवत नसत. चष्मा नाकावर खाली ओढून त्या समोरच्याकडे बघत, आणि त्याला ते आपोआप कळे.

रिटायर झाल्यावर त्या कोल्हारला आल्या. धाकटा भाऊ सायमन याच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथं राहू लागल्या. सायमनची पेरूची बाग होती. बागेतलं हेलनबाईंना काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. सकाळी पेपर वाचायचा, विज्ञानाच्या बातम्यांतल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायच्या आणि पेपर रद्दीत टाकायचा, असा त्यांचा क्रम होता. दुरुस्ती कुणी वाचावी अशी अपेक्षा नव्हती. चूक आपल्या घरात तशीच पडून राहू नये, एवढंच.

फेब्रुवारीत एका सकाळी सायमन एक गुळगुळीत पत्रक घेऊन त्यांच्या ओट्यावर आला.

"ताई, हे जरा बघ ना. तुझ्या विषयातलंच आहे."

पत्रकावर पाण्याचा एक निळा थेंब होता, त्याला डोळे आणि हसू काढलं होतं. खाली लिहिलं होतं, 'तुमचं पाणी पोलर आहे का? ध्रुवामृत यंत्र बसवा. मेलेलं पाणी जिवंत करा. खारट बोअर गोड, ड्रिपर कायमचे मोकळे!' सगळ्यात खाली कोट घातलेल्या एका तरुणाचा फोटो.

हेलनबाईंनी पेन उघडलं. पहिल्या चार ओळींत सहा ठिकाणी लाल झालं, मग त्यांनी नाद सोडला आणि पत्रकावर एक आडवी रेघ मारून ते परत दिलं.

"पाणी पोलरच असतं. सगळं. गटारातलंसुद्धा," त्या म्हणाल्या. "आणि हा तर हर्षल. बारावीला माझ्याकडे होता."

"म्हणजे तुझाच विद्यार्थी!" सायमनचा चेहरा उजळला.

"माझ्या वर्गात बसायचा. विद्यार्थी होता असं कोण म्हणालं?"

हर्षल त्यांना चांगला आठवत होता. तोंडी परीक्षेत त्यांनी त्याला विचारलं होतं, कार्बन डायऑक्साइड पोलर की नॉन-पोलर? पोलर, म्हणाला. का? "मॅडम, त्याला दोन पोल असतात." "कसले, विजेचे?" असं त्यांनी विचारलं आणि बाहेर रांगेत उभी असलेली सगळी मुलं खो खो हसली होती. पुढं वर्षभर पोरं त्याला खांब्या म्हणत. हेलनबाईंच्या मते त्या नावात काही वावगं नव्हतं.

सायमन मात्र पत्रकाची घडी नीट घालून खिशात ठेवत होता. त्याच्या बोअरचं पाणी जड होतं. ठिबकच्या नळ्यांवर पांढरी खपली चढायची, ड्रिपर तुंबायचे, दर दीड-दोन महिन्यांनी लाइनीत ॲसिड सोडावं लागायचं. "उद्या पॅकिंग शेडमध्ये डेमो आहे," तो म्हणाला. "तू चल. तुझ्यासमोर तो खोटं बोलणार नाही."

हेलनबाई निघाल्या, त्या एवढ्यासाठीच, की तो खोटं बोलणार याची त्यांना खात्री होती.

पेरू पॅक करायच्या पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास-साठ माणसं जमली होती. पुढच्या खुर्चीत हेलनबाई बसल्या. त्यांच्या मागं गोजरबाई बसली होती. नदीकाठाला तिची सहा एकर होती, नवरा वारल्यापासून ती एकटीच बघायची, आणि कुठल्याही सभेत प्रश्न विचारल्याशिवाय उठायची नाही म्हणून गावातल्या पुढाऱ्यांना ती नकोशी होती.

हर्षल पांढऱ्या गाडीतून उतरला. अंगानं भरला होता, पण मान तशीच पुढं काढून चालायचा. हेलनबाईंना बघून तो सरळ येऊन पाया पडला आणि माइक हातात घेऊन म्हणाला, "मित्रांनो, मी आज जो काही आहे तो या मॅडममुळं आहे."

टाळ्या पडल्या. हेलनबाईंनी चष्मा खाली ओढला.

टेबलावर दोन जार होते, दोन्हींना बारीक नळ. एकात बोअरचं साधं पाणी. दुसऱ्यातलं म्हणे यंत्रातून काढलेलं. यंत्र म्हणजे निळा रंग दिलेला हातभर पाइपाचा तुकडा होता, त्याच्या अंगावर दोन लोहचुंबक बसवलेले. हर्षलनं प्लॅस्टिकची एक कांडी घेतली आणि साध्या पाण्याच्या धारेजवळ नेली. धार सरळ पडत राहिली. "मेलेलं," तो खेदानं म्हणाला. मग बोलता बोलता, कोटाच्या बाहीवर कांडी सहज घासल्यासारखी घासून, त्यानं ती दुसऱ्या धारेजवळ नेली. मान वाकवावी तशी धार कांडीकडं वाकली. शेडभर "आँ" झालं.

"याला म्हणतात पोलर पाणी!"

हेलनबाईंना हसू आलं नाही. इतकी स्वस्त लबाडी बघून त्यांना त्याची कीव यावी तर तीही आली नाही. चोरी करायची तर निदान नीट तरी करावी. त्या उठल्या. पर्समधून स्वतःची फणी काढली, आपल्या कोरड्या पांढऱ्या केसांतून पाच-सहा वेळा फिरवली आणि साध्या पाण्याच्या धारेजवळ धरली.

धार वाकली. हर्षलच्या धारेपेक्षा जास्तच वाकली.

"डिझेल आहे का कुणाकडे?" त्यांनी विचारलं. ट्रॅक्टरवाल्यानं बाटलीभर आणून दिलं. सायमननं बाटलीच्या बुचाला भोक पाडून बारीक धार धरली. बाईंनी पुन्हा फणी केसांतून फिरवून जवळ नेली. डिझेल जागचं हललं नाही.

"पाहिलंत?" त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यांच्या मते एवढं पुरे होतं. यंत्राशिवाय पाणी वाकलं, म्हणजे यंत्र थोतांड. ज्याला डोकं आहे त्याला ते दिसलं असणार, आणि ज्याला नाही त्याच्यासाठी तोंड शिणवायचं त्यांनी कधीच सोडलं होतं.

मागून गोजरबाईनं हात वर केला. "बाई, मंग डिझेल का न्हाई वाकलं?"

"ते तुला कळायचं नाही. बस."

"कळंल की. सांगून तर बघा."

"बस म्हटलं ना."

गोजरबाई बसली. आणि तेवढ्या वेळात हर्षल, ज्याला बारावीला एका रेणूचा आकार सांगता आला नव्हता, त्यानं समोर बसलेल्या माणसांचा अंदाज बरोबर घेतला. त्याच्या चेहऱ्यावरचा उडालेला रंग परत आला. माइकवर तो जवळजवळ रडवेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू! बघितलं मंडळी? एकोणतीस वर्षं शिकवलेल्या प्राध्यापक, त्यांनी स्वतःच्या हातानं सिद्ध केलं की पाण्यात ही पोलर शक्ती असते. डिझेलमध्ये नसते, पाण्यात असते! पण ती झोपलेली असते. मॅडमनी फणीनं क्षणभर जागी केली. आता चोवीस तास पाइपलाइनीत फणी घेऊन कोण उभं राहणार? त्यासाठी हे ध्रुवामृत!"

शेड टाळ्यांनी दणाणलं. हेलनबाई उठून बोलू लागल्या, पण माइक त्याच्याकडं होता आणि लोक टेबलाकडं सरकत होते. नोंदणीच्या वहीत पहिलं नाव सायमननं लिहिलं. लिहिताना त्यानं मागं वळून बहिणीकडं असं बघितलं, जसं काही तिनंच त्याला पुढं ढकललं होतं.

घरी जाताना हेलनबाई भावाच्या दहा पावलं पुढं चालत होत्या. गावाला अक्कल नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ते गाव आपल्या फणीसकट आपल्याला विकायला काढील, हे मात्र ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांत व्हिडिओ फिरला. 'निवृत्त प्राध्यापिकेनं केलं सिद्ध!' अशी वर पिवळी पट्टी. केसांतून फणी फिरवणाऱ्या हेलनबाई, वाकणारी धार, "पाहिलंत?" आणि लगेच निळं यंत्र. मधलं सगळं कापलेलं. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना पाळकसाहेबांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं, "हेलनबाई, शेतकऱ्यांसाठी फार मोठं काम केलंत." बाईंनी हात सोडवून घेतला. पाळकसाहेबांचं बायबलचं ज्ञानही त्यांना कधी फारसं पटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सायमनची मुलगी शॅरन पुण्याहून आली. एम.एस्सी. करून ती तिथं एका प्रयोगशाळेत काम करत होती. आत्याची ती लाडकी होती, म्हणजे आत्या तिच्या चुका रद्दीत न टाकता तिला सांगायची.

"आत्या, व्हिडिओ बघितला," चहा घेताना शॅरन म्हणाली. "तो हर्षल चोर आहे, ते सोड. पण तुझी फणी…"

"माझ्या फणीला काय झालं?"

"धार वाकली म्हणजे द्रव पोलर, असं नाही गं म्हणता येत. खूप जण तसंच शिकवतात. पुस्तकांतपण छापतात. पण धार वाकते ती मुख्यतः रेणूच्या पोलर असण्यामुळं नाही. पाण्यात क्षार असतात, विद्युतभार त्यातून सरकू शकतो. फणीवर एक भार असला की धारेत उलटा भार जमतो आणि ती ओढली जाते. डिझेलमध्ये भार सरकतच नाही, म्हणून ते हलत नाही."

"मोबाईलवर बघितलंस वाटतं."

"संशोधनाचा पेपर आहे. पाठवू?"

"पाठव," बाई अशा आवाजात म्हणाल्या की दुसरी कुणी असती तर पाठवला नसता.

दुपारी न झोपता त्या वाचायला बसल्या. शॅरननं प्रिंट काढून दिली होती. लाल पेन उघडून हातात धरलं होतं. पहिल्या पानावर चूक सापडली नाही. दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या, आणि तिथं लेखकानं जे सांगितलं होतं ते वाचायच्या आधीच त्यांना स्वतःला दिसलं. पोलर रेणू म्हणजे एक टोक किंचित धन, एक टोक किंचित ऋण. फणी जवळ आणली तर एक टोक ओढलं जाणार हे खरं, पण दुसरं टोक तेवढ्याच वेळी ढकललंही जाणार. रेणू जागच्या जागी फिरेल. सगळा रेणू फणीकडं खेचायला जी ओढ उरते ती इतकी थोडी, की अख्खी धार तिनं वाकायची नाही.

एवढं साधं! दोन टोकं असतात हे तर त्या स्वतः एकोणतीस वर्षं फळ्यावर काढून दाखवत होत्या. मग एक टोक ओढलं जातं तेव्हा दुसरं काय करतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी काय झालं असतं, हेही त्यांना त्या ओट्यावर बसल्या बसल्या समजलं. बस म्हटलं असतं. त्या दिवशी गोजरबाईला म्हटलंच होतं. अख्ख्या शेडमध्ये बोट ठेवायच्या जागेवर बोट ठेवलं होतं ते तिनं एकटीनं.

पेनाचं टोपण त्यांनी लावलं. संध्याकाळी जेवल्या नाहीत. शॅरननं विचारलं तर "डोकं दुखतंय" म्हणाल्या. स्वतःबद्दल तुच्छता वाटायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं हे नक्की काय दुखतंय ते त्यांना लवकर ओळखू आलं नाही.

सकाळी गोजरबाई स्वतःच ओट्याशी येऊन उभी राहिली.

"बाई, मी भांडायला आले न्हाई," ती म्हणाली. "तो हर्षल उद्या माझ्याकडं येनार हाय. ते यंत्र घ्यायचं का न्हाई ते मला ठरवायचंय. गावात समदी म्हनत्यात बाईंनी पास केलंय. मी म्हनलं, बाईलाच इचारू. लई तर काय करतील, परत बस म्हनतील."

हेलनबाईंनी हातातला पेपर बाजूला ठेवला. "बस," त्या म्हणाल्या, आणि लगेच खुर्ची पुढं सरकवली. "म्हणजे, या खुर्चीत बस. मी पास केलेलं नाही. आणि डिझेलचा तुझा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला त्या दिवशी येत होतं असं मला वाटत होतं. येत नव्हतं."

हे वाक्य त्यांनी इतक्या तिरसटपणे उच्चारलं की गोजरबाईला ती कबुली होती हे कळायला जरा वेळ लागला.

"मंग पोलर म्हंजे हाय तरी काय?"

बाईंनी सायमनला हाक मारली, पेरूचं एक रिकामं क्रेट आणि दोन दोऱ्या आणायला लावल्या. क्रेट अंगणात मधोमध ठेवलं, दोन्ही कडांना दोऱ्या बांधल्या. एक दोरी सायमनच्या हातात, एक गोजरबाईच्या.

"कुठलाही रेणू पोलर आहे का हे ओळखायला दोनच गोष्टी विचारायच्या," त्या म्हणाल्या. "पहिली, त्यातले अणू एकमेकांना सारख्याच जोरानं ओढतात की कमीजास्त? दुसरी, त्या सगळ्या ओढी मिळून फिटतात, की काही उरतं? फणीबिणी काही लागत नाही. कागद पुरतो. आता समोरासमोर उभे राहा, आणि ओढा."

दोघांनी ओढलं. क्रेट खरखरत सायमनकडं गेलं.

"सारखं ओढ रे, बैला! एवढा जोर कशाला?"

"ताई, मी हळूच…"

"थांबा," गोजरबाई म्हणाली. "ह्ये बी पोलरच झालं की. सरळ उभं राहून एकजन तगडा निघाला, तर वढ उरतीच की हो."

हेलनबाईंनी चष्मा वर केला. ही शंका एकोणतीस वर्षांत, शहाणी म्हणून नावाजलेल्या मुलामुलींपैकी एकानंही आपणहून काढली नव्हती.

"बरोबर," त्या सावकाश म्हणाल्या. "दोन्ही टोकांना वेगळे अणू असले तर सरळ असूनही पोलर. आता सायमन, तिच्याइतकंच ओढ."

या वेळी क्रेट हललं नाही.

"हा कार्बन डायऑक्साइड. मधे कार्बन, दोन बाजूंना दोन ऑक्सिजन, सरळ रेषेत. दोघंही ओढतात, जोरात ओढतात. पण फिटलं. नॉन-पोलर. आता दोघंही चार पावलं माझ्याकडं सरका. दोऱ्या वाकड्या झाल्या पाहिजेत. ओढा."

क्रेट मधल्या दिशेनं बाईंकडं सरकत आलं आणि त्यांच्या चपलेला लागून थांबलं.

"हे पाणी. मधे ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन, पण वाकडे बसलेले. पाण्यात मधला ओढतो, इथं तुम्ही बाहेरून ओढताय, पण हिशेब तोच. वाकडं असल्यामुळं ओढ उरते. म्हणून पोलर."

गोजरबाई दोरी हातात धरूनच विचार करत राहिली.

"म्हंजे पानी जलमापासूनच वाकडं हाय."

"हो."

"कुनी केलं न्हाई, कुनाला सरळ बी करता येनार न्हाई."

"पाणी आहे तोवर नाही."

"मंग ते यंत्र काय करतंय?"

"काही नाही."

"आन खार?"

"खार पाण्यात जिथल्या तिथं. पोलर पाण्यातच तर तो विरघळतो."

गोजरबाईनं दोरी खाली टाकली. "अवो बाई, मंग येवढंच सांगायचं हुतं ना त्या दिशी! दोन मिन्टांचं काम. फनी कशाला काढली?"

हेलनबाई ती दोरी उचलून गुंडाळू लागल्या. सायमनचा चेहरा मात्र दोरीच्या दुसऱ्या टोकाला पडत चालला होता. त्याचं यंत्र कालच बसलं होतं.

हर्षल गोजरबाईकडं गेला तेव्हा तिनं त्याला एवढंच सांगितलं, एका ओळीला यंत्र लाव, एक ओळ तशीच ठेव, दोन महिन्यांनी दोन्हीकडचे ड्रिपर माझ्यासमोर उघड, मग बघू. तो परत आला नाही. कोल्हारातही नंतर फारसा दिसला नाही. शॅरननं पुण्याहून फोन करून सांगितलं की तो आता संगमनेरपलीकडं अकोले तालुक्यात डेमो घेतोय, आणि सुरुवात आत्याच्या व्हिडिओनं करतोय.

"अकोल्यात?" हेलनबाई ओरडल्या. "तिथं डोंगरावरचं पाणी! तिथं खारट बोअर शोधायला त्या गाढवाला दिवा घेऊन फिरावं लागेल. तिथं काय जिवंत करणार आहे तो?"

चिडायला ही जागा त्यांना बरी सापडली. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. कुठल्या तरी भाताच्या गावात, न पाहिलेली माणसं, त्यांची चूक खरी मानून खिशात हात घालत होती.

सोमवारी त्या गोजरबाईला घेऊन निघाल्या. संगमनेरला बस बदलली. बसमध्ये गोजरबाईनं साखरेचं विचारलं, मिठाचं विचारलं, तेल पाण्यावर का तरंगतं ते विचारलं. तेल तरंगतं ते हलकं म्हणून आणि मिसळत नाही ते पोलर नाही म्हणून, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगताना बाईंचा आवाज इतका चढला की कंडक्टरनं मागं वळून बघितलं. "त्यालाही कळलं तर बिघडणार नाही," बाई म्हणाल्या.

डेमो एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पोचल्या तेव्हा भिंतीवर त्यांचाच चेहरा हलत होता, केसांतून फणी फिरवत. "पाहिलंत?" भिंतीवरच्या हेलनबाई म्हणाल्या. त्या आवाजातली ऐट ऐकून खऱ्या हेलनबाईंना प्रथमच वाटलं, ही बाई असह्य आहे.

त्या सरळ पुढं गेल्या. "ही मी," त्या हॉलला म्हणाल्या. माइक त्यांनी मागितला नाही. वर्ग ताब्यात ठेवायला त्यांना माइक कधी लागला नव्हता. "आणि यात मी जे दाखवलंय त्यावरून पाणी पोलर आहे हे सिद्ध होत नाही. मी चूक शिकवलं. वर्षानुवर्षं. पाणी पोलर असतंच, ते तुमच्या विहिरीतही आहे आणि यानं विकायला आणलेल्या नळकांड्यातून गेलं तरी तेवढंच असतं. तीळभर कमी नाही, जास्त नाही. याची कारणं मी सांगते. दोन दोऱ्या द्या कुणीतरी."

दोऱ्या मिळाल्या. क्रेटऐवजी पोतं मिळालं. गोजरबाई एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पुढच्या रांगेतली एक बाई. हॉल हसत होता, पण बघत होता. या वेळी हेलनबाईंनी प्रत्येक पायरीला थांबून विचारलं, कळलं का? आणि कुणी नाही म्हटलं की परत सांगितलं. चेहऱ्यावरची नाराजी लपत नव्हती. तिला त्यांचा इलाज नव्हता.

हर्षल कोपऱ्यात उभा होता. पोतं बाईंच्या पायाशी सरकून आलं आणि लोक आपापसात बोलू लागले, तसा तो पुढं झाला. आवाजात विक्रेत्याचा गोडवा उरला नव्हता.

"मॅडम, कार्बन डायऑक्साइड सांगता आलं नाही म्हणून तुम्ही मला सगळ्यांसमोर खांब्या केलंत. आणि तुम्ही स्वतः चूक शिकवत होतात. मग तुम्हाला कोणी हसायचं?"

हेलनबाईंनी त्याच्याकडं बघितलं, चष्मा होता तिथंच ठेवून.

"तू हस," त्या म्हणाल्या. "तुला हक्क आहे. त्या दिवशी मी तुला आकार समजावून सांगायला हवा होता, तुझं हसं करायला नको होतं. पण उत्तर तेव्हाही चूक होतं आणि आजही चूकच आहे. तेव्हा तुला येत नव्हतं. आज तुला माहीत असून तू विकतोयस. कांडी कोटावर कशाला घासतोस ते सांग यांना."

हर्षलनं लॅपटॉप बंद केला.

हेलनबाईंना वाटलं होतं, हॉल उठून त्याला हाकलून देईल. तसं काही झालं नाही. चार-पाच जण गेले, बरेच जण बसून राहिले, आणि बाहेर पडताना त्यांनी डोळ्यांनी बघितलं, दोन माणसं त्याच्या गाडीपाशी उभी राहून यंत्राची चौकशी करत होती. त्यांतला एक मघाशी पोत्याची दोरी ओढून देणाऱ्या बाईचाच नवरा होता. ती मात्र त्याच्या शर्टाला धरून त्याला मागं ओढत होती, आणि शेवटी तो आला.

"दोन मूर्ख राहिलेच," बाई म्हणाल्या.

"यकच," गोजरबाई म्हणाली. "मोजा नीट."

सायमनचे ड्रिपर एप्रिलमध्ये तुंबले. त्यानं कुणाला न सांगता लाइनीत ॲसिड सोडलं, यंत्र काढलं आणि गोठ्यामागं टाकून दिलं. हेलनबाईंनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, यासाठी त्यांना फार कष्ट पडले. मे महिन्यात शॅरनच्या मदतीनं त्यांनी एक व्हिडिओ केला, दोरी आणि क्रेट घेऊन. तो सगळा मिळून तीनशे जणांनी बघितला. फणीवाला अजून फिरतोय आणि तो लाखांत आहे. बाई रोज सकाळी आकडा बघतात, माणसांच्या अकलेबद्दल जे बोलायचं ते बोलतात, आणि अकरा वाजता गोजरबाई आली की तिला अमोनियाचा आकार शिकवायला बसतात. गोजरबाईला अमोनिया पटलेला नाही. तीन हायड्रोजन तिन्ही बाजूंनी असताना ओढ फिटत का नाही, असं तिचं म्हणणं आहे, आणि ते तिन्ही एकाच बाजूला झुकलेले असतात हे बाईंनी तीनदा सांगूनही ती ऐकायला तयार नाही.